दिवाळीआधीचे तेरा दिवस

मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. हवामान खात्याने २०२० मध्ये जुन्या तारखा सुधारल्या, तेव्हापासून हीच धरली जाते. तिच्या शेजारी लक्ष्मीपूजनाच्या तारखा मांडायच्या आणि मधले दिवस मोजायचे:

२०२२ : २४ ऑक्टोबर, १६ दिवस
२०२३ : १२ नोव्हेंबर, ३५ दिवस
२०२४ : १ नोव्हेंबर, २४ दिवस
२०२५ : २१ ऑक्टोबर, १३ दिवस
२०२६ : ८ नोव्हेंबर, ३१ दिवस
२०२७ : २९ ऑक्टोबर, २१ दिवस
२०२८ : १७ ऑक्टोबर, ९ दिवस

‘यंदा दिवाळीच्या आत घर रंगवून घेऊ’ असं आपण दरवर्षी त्याच सुरात म्हणतो. पण २०२३ मध्ये त्या म्हणण्याला पाच आठवडे मिळाले होते आणि २०२८ मध्ये सव्वा आठवडा मिळणार आहे. कारण पाऊस सूर्याच्या हिशेबाने चालतो आणि दिवाळी चंद्राच्या. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे सण दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो. मग अधिक महिना येतो आणि त्याला पुन्हा पुढे ढकलतो. २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ, म्हणून त्या दोन वर्षांची दिवाळी नोव्हेंबरात. भिंतीला मात्र अधिक महिना नसतो.

बरं, हे दिवसही पूर्ण कामाचे नाहीत. शेवटचा आठवडा फराळाचा, पाहुण्यांचा, वसुबारसेचा. त्या आठवड्यात घरात शिडी आणि रंगाचे डबे कुणालाच नको असतात. शहरांतल्या रंगारी, गवंडी, सुतारांमध्ये बिहार आणि उत्तर प्रदेशातले कारागीर बरेच आहेत. छठ लक्ष्मीपूजनानंतर सहाव्या दिवशी येते, म्हणजे त्यांच्या परतीच्या गाडीची तारीखही याच पंधरवड्यातली. फराळाचे ते आठ दिवस वजा केले की २०२५ साठी पाच दिवस उरतात, २०२८ साठी एक. आणि हा सगळा हिशेब सरासरीचा आहे. २०२२ मध्ये मोसमी पाऊस देशातून पूर्णपणे परतला तो २३ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. एशियन पेंट्ससारख्या कंपनीनेही त्या तिमाहीत लांबलेल्या पावसाने घरगुती रंगांच्या विक्रीला फटका बसल्याचं सांगितलं होतं.

तरीही पाच दिवसांत घर रंगवून देणारे भेटतात. कसं देतात, ते पाहण्यासारखं आहे.

एका खोलीचं काम रीतसर करायचं तर आधी जुने पोपडे खरवडून काढायचे, तडे उघडून भरायचे, प्रायमर मारायचा, लांबी भरायची, घासायची, पुन्हा प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात. प्रायमर सुकायला सहा-आठ तास लागतात आणि रंगाच्या दोन हातांमध्ये किमान चार तास जावे लागतात. लांबी एका वेळी जाड थापून चालत नाही, दोन पातळ थर द्यावे लागतात. दिवस मोजले तर चार-पाच सहज होतात, आणि हे कोरड्या हवेत. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे असेल तर रंगकाम करू नये, असा या धंद्यातला सर्वसाधारण नियम आहे. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती जवळपास तिथेच रेंगाळत असते. ऑक्टोबरात ती उतरते, पण भिंतीच्या आतलं पाणी तेवढ्या लवकर उतरत नाही.

खरी अडचण इथे आहे. जुन्या इमारतींचं काम करणाऱ्यांचा एक ढोबळ ठोकताळा आहे: भिजलेली भिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला महिना. नऊ इंची विटेची बाहेरची भिंत चार महिने पाऊस खाऊन उभी असेल, तर दिवाळीपर्यंत तिचा वरचा इंच कसाबसा सुकलेला असतो. हाताला ती कोरडी लागते. त्यावर ॲक्रिलिक इमल्शनचा पापुद्रा चढला की आतल्या ओलीची वाट बंद होते. ती ओल प्लास्टरमधले क्षार घेऊन बाहेर येऊ पाहते, रंगामागे पांढरी खार फुटते आणि मार्चपर्यंत फुगे दिसायला लागतात. मग आपण रंगाच्या कंपनीला नावं ठेवतो. कंपनी रंगाऱ्याला नावं ठेवते. रंगारी, अर्थात, फोन उचलत नाही.

ओल मोजण्याचं यंत्र नसलं तरी चालेल. दीड फूट लांब, दीड फूट रुंद असा प्लास्टिकचा जाड कागद भिंतीवर लावून चारही कडा टेपने घट्ट चिकटवायच्या आणि १६ तासांनी पाहायचं. आतल्या बाजूला दव जमलं किंवा भिंत काळवंडली तर ती अजून तयार नाही. ही चाचणी ऑक्टोबरात एकदा आणि फेब्रुवारीत एकदा करावी. नव्या प्लास्टरचा नियम आणखी कडक आहे: सात दिवस पाणी मारायचं आणि मग साधारण २८ दिवस सुकू द्यायचं. ताज्या सिमेंटचा सामू १२ ते १३ असतो. तो उतरण्याआधी रंग लावला तर रंग फिका पडतो, डागाळतो. याचा अर्थ सप्टेंबरअखेर न्हाणीघराची भिंत फोडून नळ बदलला असेल, तर ३५ दिवसांचा हिशेब २०२३ सारख्या वर्षीच कसाबसा बसतो.

माझं म्हणणं इतकंच, की घराच्या कामांची तारीख पंचांगातून घेण्याची सवय आपण सोडावी. बाहेरचं आणि पाण्याचं काम मार्च ते मे. आतला रंग जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा पुण्यात दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास येते आणि मुंबईतही हवा वर्षातली सर्वांत कोरडी असते. दिवाळीला घर सजवावं, दुरुस्त करू नये.

कोकणात हा पेच दिवाळीपेक्षा गणपतीचा आहे, आणि जास्त अवघड आहे. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, आणि २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. वर्षभर बंद असलेलं घर त्या आठवड्यात उघडतं, माणसांनी भरतं, आणि माजघराच्या भिंती त्याआधी उजळलेल्या हव्या असतात. पण रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक तोवर पडून गेलेला असतो. श्रावणात चिऱ्याच्या भिंतीला प्लास्टिक इमल्शन लावणं म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट घालणं. जुन्या घरांत चुना होता, तो ओल आत-बाहेर जाऊ द्यायचा, त्यामुळे वेळ चुकली तरी फार बिघडत नसे. आता चुना गेला, पण वेळापत्रक तेच राहिलं. खरं तर कोकणाचं मूळ वेळापत्रक वेगळं होतं. कौलं परतायची, फुटकी बदलायची, पडवीला झापं बांधायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, हे सगळं पावसाआधी उरकायचं. चाकरमानी मे महिन्यात येतच असतात. रंगही त्याच सुट्टीत काढला तर गणपतीला फक्त पुसून घ्यायचं आणि मखराकडे लक्ष द्यायचं.

मे महिना म्हणताना मात्र महिनाअखेर धरू नये. मुंबईत पाऊस दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून. २०२३ मध्ये तो २५ जूनला आला, २०२५ मध्ये २६ मे रोजी. दोन वर्षांच्या अंतराने बरोबर महिन्याचा फरक. २०२५ च्या त्या मे महिन्यात कुलाब्याला झालेल्या पावसाने १९१८ पासूनचा मे महिन्याचा विक्रम मोडला. ज्या सोसायट्यांनी गच्चीचं काम ‘३१ मेपर्यंत’ म्हणून कंत्राटात लिहिलं होतं, त्यांच्यासाठी ती मुदत पाच दिवस आधीच संपली. गच्चीचं काम १५ मेला संपलेलं असावं, आणि त्यासाठी ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेलं असावं.

गच्चीवर इतका भर का, तेही आकड्यांत पाहू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. १,००० चौरस फुटांची गच्ची ९३ चौरस मीटर भरते. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे त्या एका गच्चीवर दोन लाख लिटरहून जास्त पाणी उतरतं. ते सगळं खाली पाइपातून जावं यासाठी उतार साधारण शंभरास एक असा हवा, दहा मीटरला दहा सेंटिमीटर. कठड्याच्या पायाशी गोलाई हवी आणि पाइपाची तोंडं मोकळी हवीत. गळतीच्या तक्रारींमध्ये तडा गेलेला स्लॅब नंतर येतो. आधी येतात तुंबलेली जाळी, कठड्याच्या सांध्यातली चीर, आणि कुणीतरी केबलसाठी पाडलेलं भोक. या तीन गोष्टी मार्चमध्ये एका सकाळी पाहून होतात आणि त्याला कंत्राटदार लागत नाही.

कोब्याबद्दल एक इशारा. जुना विटांच्या तुकड्यांचा कोबा गळायला लागला की त्यावरच नवा थर टाकण्याचा सल्ला मिळतो, कारण फोडाफोड वाचते. चार इंची कोब्याचं वजन दर चौरस मीटरला १८० ते २०० किलो भरतं. ९३ चौरस मीटरला ते होतं साधारण १७ ते १९ टन. चाळीस वर्षांच्या इमारतीच्या डोक्यावर हे ओझं वाढवण्याआधी संरचना अभियंत्याला विचारायला हवं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी. तो अहवाल सोसायटीच्या कपाटात असेल तर कोब्याचा प्रश्न दहा मिनिटांत सुटतो. काम झाल्यावर गच्चीवर पाणी कोंडून किमान ४८ तास ठेवावं आणि मगच शेवटचा हप्ता द्यावा. हेही १५ मेच्या आत.

विदर्भात प्रश्न पाण्याचा कमी, उन्हाचा जास्त. नागपुरात मे महिन्यातलं सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या पुढे जातं. त्या उन्हात बाहेरची भिंत रंगवली तर रंग पसरायच्या आत सुकतो, प्लास्टर केलं तर पाणी उडून जाऊन भेगा पडतात. तिथे बाहेरचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावं आणि एप्रिलच्या सुरुवातीला गच्चीला पांढरा लेप द्यावा. ताजा पांढरा लेप उन्हाची साधारण ८० टक्के ऊर्जा परतवतो, तर जुनं राखाडी काँक्रीट २० ते ३५ टक्के. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दरवर्षी धूळ बसून लेपाची परतवण्याची ताकद घटते, म्हणून हे काम एकदाच करून विसरण्यातलं नव्हे.

उन्हाचा आणखी एक हिशेब घरात दिसतो तो तड्यांचा. काँक्रीट एका अंशाला एका मीटरमागे एक शतांश मिलिमीटर प्रसरण पावतं. दहा मीटरचा बीम, सकाळ-दुपारच्या तापमानात वीस अंशांचा फरक: दोन मिलिमीटर. विटेची भिंत याच्या जेमतेम निम्मी हलते. म्हणून बीम आणि भिंतीच्या सांध्यावर दरवर्षी तीच आडवी रेघ उमटते आणि आपण दरवर्षी तीच लांबीने बुजवतो. लांबी कडक असते, ती पुन्हा फुटणारच. तिथे जाळी लावून किंवा लवचीक सीलंट भरून काम करावं लागतं. तेही, शक्य असेल तर, गारठ्यात, जेव्हा फट सर्वांत रुंद असते.

लाकडाचं नेमकं उलट. पावसात दार फुगतं, चौकटीत अडकतं, आणि ऑगस्टमध्ये सुताराला बोलावून त्यावर रंधा मारला जातो. दमट हवेत लाकडातलं पाण्याचं प्रमाण कोरड्या दिवसांपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी वाढतं. फूटभर रुंदीची सागवानी फळी तेवढ्याने तीन मिलिमीटरच्या आसपास रुंदावते. ऑगस्टमध्ये तासून बसवलेल्या दाराला जानेवारीत तेवढीच फट दिसते, मग तिथे रबरी पट्टी लागते. दार अडत असेल तर दोन महिने खांद्याने ढकलावं. फेब्रुवारीत सगळ्या सहा बाजूंना पॉलिश किंवा रंग लावावा, वरच्या आणि खालच्या कडेलासुद्धा. त्या दोन कडा डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून जवळजवळ प्रत्येक घरात कोऱ्या राहिलेल्या असतात, आणि पाणी तिथूनच शिरतं.

आता पैशांचं. उदाहरणासाठी ६०० चौरस फूट चटई क्षेत्राचं घर घेऊ. भिंती आणि छत मिळून रंगवायचा पृष्ठभाग चटई क्षेत्राच्या साधारण साडेतीन पट येतो, म्हणजे २,१०० चौरस फूट. मजुरी आणि सामान धरून चौरस फुटाला २० रुपये असा दर गृहीत धरला तर ४२,००० रुपये. दर तुमच्या गावात वेगळा असेल, तो या जागी घालावा. दर पाच वर्षांनी रंग काढायचा तर वर्षाला ८,४०० रुपये बाजूला पडायला हवेत.

दुरुस्तीसाठी किती ठेवावे, याला आपल्याकडे एक तयार मोजपट्टी आहे. त्याच आदर्श उपविधींत दुरुस्ती-देखभाल निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के आणि त्याशिवाय सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के सांगितला आहे. हा पैसा इमारतीचा. घराच्या आतल्या भागासाठी असा निधी कुणी सांगत नाही, म्हणून तो कुणी ठेवतही नाही. तोच ०.७५ चा दर आत लावून पाहू. या घराचा बांधकाम खर्च १८ लाख धरला (जमिनीची किंमत नाही, फक्त बांधकाम), तर वर्षाला १३,५०० रुपये. त्यातून रंगाचे ८,४०० वजा जाता ५,१०० उरतात. एवढ्यात नळ, सिंकखालचा सांधा, दाराचं पॉलिश, पावसाआधी अर्थिंगची तपासणी आणि नसेल तर ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा-स्विच, असं एका वर्षी एकच काहीतरी बसतं. बसवावंही एकच. सगळी कामं एका मोसमात उरकण्याच्या हौसेपायी शेवटी वैयक्तिक कर्ज काढलं जातं.

घर पूर्ण एकदम रंगवायचं की खोलीखोलीने? दहा बाय बाराच्या, साडेनऊ फूट उंच खोलीचा हिशेब असा: चारही भिंतींचे ४१८ चौरस फूट, त्यातून दार-खिडकीचे ४१ वजा, छताचे १२० मिळवले की ४९७. लिटरला दोन हातांत १२० चौरस फूट धरले तर ४.१ लिटर रंग. बाजारात डबा मिळतो चार लिटरचा, आणि दुकानदार प्रेमाने सुचवतो की दहाचा घ्या. एका खोलीसाठी चांगला रंगारी येत नाही, आला तरी दर वाढवून सांगतो. दोन खोल्या एका हिवाळ्यात, दोन पुढच्या, असं केलं तर काम पटतं आणि घरातल्यांना झोपायला जागाही राहते. जीएसटीचा या निर्णयावर फारसा परिणाम होत नाही. रंगावरचा कर जुलै २०१८ मध्येच २८ वरून १८ टक्के झाला होता. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचाही २८ वरून १८ वर आला, पण घरगुती दुरुस्तीत मजुरीचाच वाटा मोठा असतो.

मग दिवाळीला काय करायचं? जे एका दिवसात होतं आणि बिघडलं तर परत फिरवता येतं, ते सगळं. घटस्थापनेआधी गोधड्या, चादरी धुण्याची आणि माळा रिकामा करण्याची गावाकडची रीत अगदी योग्य वेळेची आहे. तोवर ऊन परतलेलं असतं, आणि माळा रिकामा झाला की त्यामागची ओल आपोआप दिसते. ती कुठे आहे ते मोबाइलवर फोटो काढून ठेवावं, तारखेसह. पडदे, उशांचे अभ्रे, दाराची पितळी मूठ घासणं, मुख्य दाराला नवा रंग, बैठकीतले पिवळे दिवे, गॅलरीतल्या कुंड्या, आकाशकंदिलाची तार. फारच वाटलं तर बैठकीतली एकच आतली भिंत रंगवावी. तिला पाऊस लागलेला नसतो, ती दोन दिवसांत होते आणि पाहुण्यांचं लक्षही तिथेच जातं.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी वर्षाची पहिली तारीख मात्र सप्टेंबरातच येते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. माळ्यामागच्या ओलीचा तो फोटो आणि गच्चीच्या कामाचा ठराव त्या सभेत मांडला, तर अभियंत्याची पाहणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, भिंती ओल्या असताना, म्हणजे गळती नेमकी कुठून ते कळतं. डिसेंबरात तीन दरपत्रकं मागवता येतात. जानेवारीत विशेष सभा, फेब्रुवारीत कार्यादेश, एप्रिलच्या पहिल्या सोमवारी परांची उभी. तोच विषय मार्चमध्ये कुणाच्या तरी लक्षात आला तर दरपत्रकं येईपर्यंत मे लागतो. कंत्राटदाराला हे आपल्याइतकंच ठाऊक असतं आणि दर त्याप्रमाणे येतो.